टिनपत्र्याखालची दुपार

महोदय,

उन्हाळा लागला की 'दुपारी १२ ते ४ लहान मुलांना घराबाहेर काढू नका' अशी सूचना निघते. पक्क्या घरात ती ठीक आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वस्तीतली दहा बाय दहाची टिनाची खोली बाहेरच्या कडुलिंबाखालच्या सावलीपेक्षा जास्त तापते. पत्रा काही मिनिटांत तापतो आणि त्याची धग थेट खाली निजलेल्या बाळावर येते. पंखा तीच गरम हवा फिरवतो. मग आई लेकराला घेऊन झाडाखाली बसते आणि येणारेजाणारे तिलाच बोल लावतात. शहाणपणाने वागते ती तीच.

एका खोलीचा दुसरा परिणाम सहसा कोणी बोलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नसते, अंगावरच जास्त वेळा पाजायचे असते. पण दुपारी सासरे, दीर घरात आणि आडोसा नाही. पाजणे लांबते, बाळ रडते, मग वाटी-चमच्याने पाणी दिले जाते आणि हगवण लागते. दोरीवर लुगड्याचा पडदा बांधला तरी फरक पडतो, हे सुनेला नव्हे, सासूला सांगावे लागते.

कूलर घेतला की प्रश्न सुटला असे नाही. बंद खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात नुसती उमस करतो. तो खिडकीबाहेर हवा आणि समोरचे दार थोडे उघडे. त्याहून मोठा धोका करंटचा. लोखंडी बॉडी, दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, खाली ओली जमीन आणि अनवाणी रांगणारे मूल! तीन पिनांचा प्लग, खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) एवढे तरी हवेच. पाणी भरताना प्लग काढायचाच. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी फेकून ती जात नाहीत.

स्वस्तातला उपाय म्हणजे मार्चमध्येच पत्र्यावर चुन्याचे दोन हात. एवढ्या छपराला चार-पाच किलो चुना पुरतो. रात्रभर भिजवून, गाळून, थोडा फेव्हिकॉल घालून लावावा. कळीचा चुना पाणी घालताच उकळतो, डोळ्यात गेला तर इजा होते. मुलांना लांब ठेवावे. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो. हिरवी नेट पत्र्यावर नुसती अंथरू नये. फूटभर वर ताणली तरच मधून हवा खेळते.

भाडेकरूंना यातले बरेचसे करता येत नाही. घरमालक छपराला हात लावू देत नाही. पंतप्रधान आवास योजनेतले स्वतः घर बांधण्याचे अनुदानही जागा नावावर असलेल्यालाच. त्यांच्यासाठी महापालिकेने एप्रिल-मेच्या दुपारी वस्त्यांमधली समाजभवने उघडावीत. पंखे, पिण्याचे पाणी आणि पाजण्यासाठी पडद्याचा एक कोपरा एवढेच लागते. लग्नाच्या तारखा सोडल्या तर त्यातली बरीच कुलूपबंदच असतात.

– वस्त्यांमध्ये बालसंगोपनाचे काम करणाऱ्या काही कार्यकर्त्या, नागपूर