वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर मामांना

ड्रायव्हर मामा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही साक्ष दिलीत म्हणून त्या टिपरवाल्यावर केस झाली. नाहीतर आम्ही चार दिवस पारावर शिव्या घातल्या असत्या आणि पाचव्या दिवशी तोच टिपर त्याच वेगानं आमच्या स्टॉपवरून गेला असता. आभार तुमच्या तोंडावर मानले होते, पण तुम्ही "असू दे अक्का" म्हणत गाडी सुरू केलीत. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

बेळगाव-वेंगुर्ला रस्ता ज्यांच्या रोजच्या वापरातला आहे त्यांना सांगायला नको. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, मग बाची आणि पुढं शिनोळीला महाराष्ट्र. मंगळवार-शुक्रवार उचगावच्या मळेकरणी देवीला येणाऱ्यांची गर्दी, सुगीत रताळ्याची पोती भरलेल्या गाड्या, शाळेची पोरं, आणि त्यातूनच खडीचे टिपर. त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. पोरं माझ्या आधी उतरली आणि नेहमीप्रमाणं गाडीच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. माझी मुलगी सगळ्यांत पुढं. मी पिशव्या सावरत पायरीवर होते, मला मागचं काही दिसत नव्हतं. तुम्हाला आरशात दिसलं. तुम्ही एका हातानं हॉर्न दाबून धरलात, दुसरा हात खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढून पोरांना अडवलंत आणि ओरडलात. पोरं बंपरला चिकटून उभी राहिली. टिपर बाजूनं गेला. मुलीच्या हातातली छत्री सुटली आणि त्याच्या मागच्या चाकाखाली गेली. छत्रीच्या सगळ्या काड्या रस्त्याला चिकटल्यासारख्या सपाट झाल्या होत्या. ती छत्री मी अजून टाकलेली नाही.

आम्ही सगळे पोरांकडं धावलो. तुम्ही मात्र आधी नंबर घेतलात. मागची पाटी चिखलानं भरलेली, म्हणून बाजूच्या पत्र्यावर रंगवलेला नंबर वाचून कंडक्टरांना मोठ्यानं सांगितलात आणि त्यांनी तो हातावर लिहिला. तेवढ्यात टिपर हद्द ओलांडून गेला. "गेला की तिकडं, आता काय करणार," असं आमच्यातलेच म्हणाले. सीमाभागात हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. तुम्ही म्हणालात, "गाडी कुठं पण जाऊ दे, झालंय इथं."

दुसऱ्या दिवशी तुमची सुट्टी होती. बैलहोंगलकडं घरी जायचं सोडून तुम्ही माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला आलात. टेबलावरच्या माणसानं पहिलाच प्रश्न केला: धक्का लागला काय? कुणाला लागलं काय? मग कंप्लेंट कशाची? माझा तर आवाजच बसला. तुम्ही आवाज न चढवता कन्नडमध्ये सांगितलंत की धक्का लागायची वाट बघायची असते असं कुठं लिहिलेलं नाही. आतून साहेब आले आणि त्यांनी तुमचं म्हणणं उचलून धरलं. एफआयआरची नक्कल मला फुकट मिळाली, ती मिळणं हा तक्रार देणाऱ्याचा हक्कच आहे. तिच्यात भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, जे १ जुलै २०२४ च्या आधी भारतीय दंड संहितेत २७९ होतं. जिवाला धोका होईल असं बेदरकारपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणं हाच त्यातला गुन्हा. कुणी जखमी झालंच पाहिजे अशी अट नाही. जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४. पहिल्यांदा सापडला तरी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

तक्रार कन्नडमध्ये तुम्हीच लिहिलीत. एक वाक्य लिहायचं, मला मराठीत सांगायचं, मी हो म्हटलं की पुढचं. मी म्हटलं, लिहा, शंभरच्या वर होता. तुम्ही पेन थांबवलंत. "मीटर बघितला काय अक्का तुम्ही? नाही ना. मग ते नको. बस उभी होती, पोरं पुढून जात होती, उजवीकडून ओव्हरटेक केला, ब्रेक मारला नाही, छत्री चाकाखाली गेली. बघितलं तेवढंच." तारीख, वेळ, स्टॉपचं नाव, टिपर कुठून कुठं चालला होता, रंग, भरलेला होता की रिकामा, सगळं क्रमानं. वेळेचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही माझं तिकीट मागितलंत. कर्नाटकात बायकांना बसचा प्रवास फुकट आहे त्या शक्ती योजनेचं शून्य रुपयाचं तिकीट, कुणी जपून ठेवत नाही. माझ्या पर्समध्ये ते होतं आणि त्याच्यावर तारीख-वेळ छापलेली होती. तुमच्या गाडीची ती फेरी त्यावरून पक्की झाली. आता आमच्या गल्लीतल्या बायका तिकीट घरी पोचेपर्यंत टाकत नाहीत.

नंबर होता म्हणून पुढचं काम अडलं नाही. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं की मालकाला सांगावंच लागतं, मोटार वाहन कायद्यात कलम १३३ आहे तसं. "मला ठाऊक नाही" म्हणून सुटता येत नाही. मालक आला, दोन दिवसांनी ड्रायव्हरही हजर झाला.

तेव्हा गावातून मला निरोप यायला लागले. गरीब पोरगा आहे, कशाला पोटावर पाय आणता. स्टँडवर तुम्हालाही ऐकवलं म्हणे, ड्रायव्हर असून ड्रायव्हरच्या विरोधात उभा राहिलास. तुम्ही त्यांना दिलेलं उत्तर कंडक्टरांनी मला सांगितलं. माझं पोट पण स्टिअरिंगवरच आहे, आणि असल्यांच्यामुळं लोक सगळ्या ड्रायव्हरांना शिव्या घालतात. मामा, मला त्या पोराबद्दल राग आहे, पण खेपेवर पैसे देऊन त्याला पळवणाऱ्या मालकाबद्दल जास्त आहे. जितक्या खेपा तितका पैसा, मग तो स्टॉपवर कशाला थांबेल? हे मी साहेबांना सांगून आलेय. ग्रामपंचायतीतही स्टॉपच्या अलीकडं गतिरोधकासाठी अर्ज दिलाय, आणि त्याला एफआयआरची झेरॉक्स जोडलीय. नुसत्या तोंडी तक्रारीला पंचायत अशी हलली नसती.

मुलांना आता तुम्ही शिकवलंत तसंच सांगतो: गाडी निघून गेल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, तिच्या पुढून तर नाहीच. आणि मोठ्यांना सांगतो की ११२ ला फोन लावलात तर गाव, तालुका, जिल्हा आधी सांगा, आपल्याकडं मोबाईलला कधी इकडचा टॉवर असतो, कधी तिकडचा.

कोर्टाचं समन्स आलं की तुम्हाला परत सुट्टी टाकावी लागणार, याचं मला वाईट वाटतं. त्या दिवशी मी सकाळीच येईन, आणि तुमचा डबा घरून आणीन. तुमची ड्यूटी दुसऱ्या रूटला लागली असेल तर डेपोत कंडक्टरांकडं निरोप ठेवा. वस्तीला आलात की रात्रीचं जेवण आमच्याकडं, हे माझ्या सासूबाईंनी आवर्जून लिहायला सांगितलंय.

आपली,
शेवटच्या स्टॉपच्या अलीकडं उतरणाऱ्या सहावीतल्या मुलीची आई