वार पुढे होती, आणि तुम्ही थांबलात

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझा चेहरा आठवणार नाही. नऊ तारखेला ग्रामीण रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांची रांग औषधाच्या खिडकीपर्यंत जाते, त्यात मी कुठे लक्षात राहणार? शिवाय माझा केसपेपरही नव्हता. गौरी-गणपतीला माहेरी आले होते आणि वहिनीच्या सोबतीला म्हणून बाकावर बसले होते. मला नुकताच सहावा लागला होता आणि पोटात बाळ फिरल्याचं काहीच कळत नव्हतं.

घरात येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "फिरतंय का गं?" मी नाही म्हटलं की, "आम्हाला तर पाचव्यातच कळलं होतं." त्या प्रेमानंच विचारायच्या, पण प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा. पुण्यातल्या ज्या मोठ्या दवाखान्यात माझं नाव घातलं होतं, तिथे मी हेच विचारलं होतं. डॉक्टरांनी मान वर न करता "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रिपोर्टवर 'प्लासेंटा अँटेरियर' असं छापलेलं होतं. ते काय असतं, हे एका वाक्यात सांगायला किती वेळ लागला असता? एवढी फी घेऊन ते एक वाक्य मिळालं नाही, याचा राग मला अजून आहे.

मग त्या कागदाचे अर्थ घरीच लावले गेले. प्लासेंटा म्हणजे वार, अँटेरियर म्हणजे पुढे, एवढं कळलं. सासूबाईंना वाटलं वार खाली आली, आता अंगावरून जाणार, त्यांनी मला जिना चढायची बंदी केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वार पुढे म्हणजे मुलगी.

तुम्ही वहिनीचं बीपी घेत होता. माझ्याकडे बघून विचारलंत, "तुला कितवा? आणि अशी का बसलीस?" मी पर्समधला रिपोर्ट काढून दिला. तुम्ही तो उभ्याउभ्या पूर्ण वाचलात आणि मला पडद्याआड टेबलावर घेतलंत. डॉपलर लावून आधी ठोके ऐकवलेत. मिनिटाला 110 ते 160 च्या मध्ये असले की चांगले, आणि हे अगदी चांगले आहेत, असं सांगितलंत. मग म्हणालात, "वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलीय, एवढंच. मध्ये जाड गोधडी धरली आणि पलीकडून पोरानं लाथ मारली, तर तुला कितीशी लागेल? वार खाली असणं वेगळं, ते तुझं नाही. आणि वार कुठेही असो, त्यावरून मुलगा-मुलगी कळत नाही." पहिलटकरणीला हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास कळते, वार पुढे असली की आणखी उशीर होऊ शकतो, पण 24 आठवडे झाले तरी काहीच नाही कळलं तर घरी बसायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

इथवर तुमचं काम झालं होतं. बाहेर रांग होती, कुणीतरी पडद्यातून डोकावून "सिस्टर, किती वेळ?" म्हणून गेलंसुद्धा. पण तुम्ही मला डाव्या कुशीवर वळवलंत. माझा हात मनगटाला धरून खाली नेलात, ओटीपोटाच्या बाजूला, जांघेच्या जरा वर. मी इतके दिवस बेंबीपाशी हात ठेवून वाट बघत होते, तिथे तर वारच होती. "इथे लक्ष दे, खाली आणि कडेला," म्हणालात आणि माझ्या हातावर तुमचा हात ठेवून थांबलात. काही बोलला नाहीत. तुमच्या तळहाताच्या मागच्या बाजूला निळ्या पेनानं कुणाचं तरी बीपी लिहिलेलं होतं, 130/90. मी ते आकडे बघत पडून राहिले. बऱ्याच वेळानं आत, अगदी कडेला, काहीतरी सरकलं. हाताला लागलं नाही, पण आत कळलं. पुन्हा एकदा झालं. तुम्ही काही विचारलं नाहीत, माझे डोळे पुसायला कापूस दिलात, तोच डॉपलरचं जेल पुसायचा.

औषधं, गोळ्या, सोनोग्राफी सगळीकडे मिळते हो. आपल्यासाठी कुणी थांबावं, हे मात्र मागून मिळत नाही. सरकारी दवाखान्याबद्दल लोक काय काय बोलतात, मीही ऐकत मोठी झाले. आता माझ्यासमोर कुणी बोललं तर मी गप्प बसत नाही.

आणि निघताना तुम्ही दारात थांबवून सांगितलेलं वाक्य. "सातवा लागला की त्याची फिरायची रीत तुला कळेल. मग कधी कमी वाटलं, तर वार पुढे आहे म्हणून समजूत घालू नकोस. त्या दिवशी यायचं."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ते वाक्य कामाला आलं. मी बाळंतपणासाठी माहेरी होते, आठवा सरत आलेला. दुपारपासून बाळ फारच थोडं हललं. पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "तुमची वार पुढेच आहे ना? मग कमीच कळणार." घरातही कुणी म्हणालं, आता पोटात जागा कमी, म्हणून शांत झालं असेल. मी कुणाचंच ऐकलं नाही, भावाला गाडी काढायला लावली. तुमची नाईट होती. तुम्ही जागा कमी झाल्याची गोष्ट ऐकून सरळ मान हलवलीत. बाळ शेवटपर्यंत हलायलाच हवं, म्हणालात, आणि पोटाला पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाचे ठोके कागदाच्या पट्टीवर उतरवणारी तपासणी, लावलीत. डॉक्टरांना उठवलंत. पट्टी चांगली आली, सगळं ठीक निघालं. मी ओशाळले, उगाच त्रास दिला म्हणाले, तर तुम्ही जवळजवळ रागावलात. "उगाच कसलं? परत वाटलं तर परत ये. रात्री दोनलासुद्धा."

माझी मुलगी आता उपडी पडायला लागलीय. बारशाचं आमंत्रण द्यायला आले होते, तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं. नवा पत्ता शोधून हे लिहितेय. माझ्या मावसबहिणीलाही पाचवा संपत आलाय, तिच्याही रिपोर्टवर वार पुढे असंच आलंय, आणि ती रात्र रात्र जागतेय. तिला तुमच्या तालुक्याला घेऊन येते, येत्या नऊ तारखेला. या वेळी केसपेपर काढूनच येऊ.

आपली आभारी,
सोलापूर जिल्ह्यातली एक माहेरवाशीण