आधी व्हॉल्व्ह शोधा, मग भोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीकपात जाहीर झाली की ‘गळके नळ दुरुस्त करून घ्या’ हे आवाहन ठरलेलेच. ते योग्यही आहे. पण पाइप फुटतो तो बहुधा रविवारी सकाळी नाहीतर रात्री अकराला, आणि प्लंबर फोनवर म्हणतो, ‘दोन तासांत पोचतो.’ त्या दोन तासांत घरच्यांनी काय करायचे, हे कोणत्याच आवाहनात नसते. आम्ही इमारतींच्या नळकामात आणि देखभालीत असणारी माणसे आहोत. घरात शिरलो की दिसते ते असे: फुटलेल्या जागी चिंध्या, सेलोटेप आणि एम-सीलचा लगदा, खाली बादल्यांची रांग, आणि हाताच्या अंतरावरचा व्हॉल्व्ह उघडाच.

किती पाणी जाते याचा हिशेब सोपा आहे. टाकी दहा मीटर उंचावर असेल तर पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब असतो. सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो सुमारे २ किलो भरतो. या दाबाला १ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला सात-आठशे लिटर पाणी जाते. अर्धा इंची नळ मुळापासून तुटला तर वीस लिटरची बादली मिनिटभरात भरते. म्हणून वरच्या मजल्यावर फडक्याने थोपलेली गळती खालच्या मजल्यावर फडक्याला दाद देत नाही.

पाण्याला हात लावण्यापूर्वी वीज बघा. गळती स्विचबोर्ड, गिझर किंवा वॉशिंग मशीनच्या आसपास असेल तर त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा खटका) पाडा. बोर्डापर्यंत पोचायला साचलेल्या पाण्यातून जावे लागत असेल, तर जाऊ नका. खालच्या मीटर रूममधून पुरवठा बंद करायला सांगा. गिझर तर बंद करायचाच, मग गळती कुठेही असो. गिझरच्या थंड पाण्याच्या लाइनवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) खराब असला, तर लाइन रिकामी होताना गिझरमधले पाणीही उलटे खाली येते, आणि कोरड्या टाकीत कॉइल तापून जळते. घरात किंवा गच्चीवर प्रेशर पंप असेल तर तो बंद करणे व्हॉल्व्हच्याही आधी.

आता व्हॉल्व्ह. बेसिनखालचा, कमोडशेजारचा किंवा गिझरचा लवचिक कनेक्शन पाइप फुटला असेल तर भिंतीतून निघालेला अँगल कॉक उजवीकडे फिरवला की काम संपले. आम्हाला रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनपैकी बरेच याच प्रकारचे असतात. जेट स्प्रेचा अँगल कॉक कायम उघडा ठेवला तर त्याची नळी चोवीस तास दाबाखाली राहते आणि एक दिवस फुटते. गावाला जाताना तो आठवणीने बंद करावा. अँगल कॉकच्या अलीकडे, म्हणजे भिंतीत किंवा उघड्या पाइपला गळती असेल तर बाथरूमच्या माळ्याजवळचा किंवा डक्टमधला (पाइपांच्या उभ्या पोकळीतला) त्या लाइनचा व्हॉल्व्ह, आणि तोही चालत नसेल तर गच्चीवरचा. सोसायट्यांमध्ये गोची होते ती इथे. एका फ्लॅटला एकच लाइन नसते. स्वयंपाकघर, बाथरूम आणि फ्लश यांच्या उतरत्या लाइन बहुधा वेगळ्या असतात, आणि गच्चीवर एकसारख्या दिसणाऱ्या दहा-बारा व्हॉल्व्हपैकी आपला कोणता, हे एकट्या वॉचमनला ठाऊक असते, आणि तो बदललेला असतो.

लिव्हरचा बॉल व्हॉल्व्ह दिसताच कळतो: दांडा पाइपच्या रेषेत असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. गोल चाकाच्या गेट व्हॉल्व्हला बरेच फेरे लागतात, आणि घात तोच करतो. वर्षानुवर्षे उघडा राहिल्याने आत क्षार बसतात (बोअरवेलच्या पाण्यात जास्तच) आणि स्पिंडल, म्हणजे चाकाचा दांडा, जाम होते. अशा चाकावर पाइप पाना लावून जोर केला तर स्पिंडल तुटते, आतली पाचर तिरकी अडकते, आणि मग व्हॉल्व्ह ना उघडतो ना मिटतो. जाम चाक आधी पाव फेरा उघडण्याच्या दिशेने, मग बंदच्या दिशेने, असे मागे-पुढे करत सोडवावे. चाकच निखळले असेल तर चौकोनी स्पिंडल पकडीने धरून फिरवता येते. फिरवताना स्पिंडलच्या बुडातून पाणी ठिबकू लागले तर घाबरू नका. तिथला नट अगदी थोडा, आठवा भाग फेरा, आवळला की बहुधा थांबते.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी चालूच, म्हणून लोक भलताच व्हॉल्व्ह बंद केला असे समजतात आणि पुन्हा उघडतात. वास्तविक उभ्या पाइपमध्ये उरलेले पाणी अजून उतरत असते. दोन इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जवळपास २ लिटर पाणी मावते. तुमच्या वर आठ मजले असतील तर पन्नासेक लिटर उतरायचे आहे. त्याच लाइनवरच्या खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांना नळ उघडायला सांगा, म्हणजे ते तुमच्या भोकातून न येता त्यांच्या बादलीत जाईल. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल किंवा मुळीच सापडत नसेल तेव्हाही हीच युक्ती. त्याच लाइनवरचा घरातला सर्वांत खालचा नळ उघडून बादल्या, पिंप, मिळेल ते भरत राहा. पाण्याला मोठी वाट मिळाली की भोकावरचा दाब उतरतो आणि पट्टी बांधणे जमते.

पट्टीसाठी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. उभी कापून दोन बोटे रुंद, हातभर लांब पट्टी काढा. भोकाच्या चार बोटे अलीकडून सुरुवात करून, ताणून, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा चढवत पलीकडे चार बोटांपर्यंत न्या आणि परत या. वरून होज क्लिपा लावा: एक थेट भोकावर, दोन बाजूंना. क्लिप घेताना पाइपचा बाहेरचा व्यास बघावा लागतो, आणि इथे हमखास चूक होते. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बाहेरून सुमारे २१ मिलिमीटर असतो, तर अर्धा इंची सीपीव्हीसी (फिकट पिवळसर प्लॅस्टिकचा) १६ च. रबरामुळे पाच-सहा मिलिमीटर वाढतात. तेव्हा सीपीव्हीसीला १६ ते २५ ची आणि जीआयला २० ते ३२ ची क्लिप घरात असावी. जीआय पाइपला गंजामुळे सुईएवढे भोक पडले असेल तर आसपासचा गंज खरवडू नका. कित्येकदा तो गंजच पाइप धरून असतो. बांबूच्या काडीचे टोक हळूच भोकात रोवून, उरलेली काडी मोडून वर पट्टी बांधली तर लाकूड फुगून चांगले बसते. हातोडी मात्र दूर ठेवा.

ही पट्टी सरळ पाइपवर चालते, सांध्यावर नाही. सॉकेट (सरळ जोड) किंवा एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) कडेला व्यास एकदम बदलतो, रबर तिथे नीट बसत नाही, आणि पाणी फटीतून वाट काढते. मग लोक पाना घेऊन जीआयचा तो सांधा आवळायला जातात. पाइपच्या दोन्ही टोकांना एकाच हाताचे आटे असतात; एका टोकाला पाइप आवळला की दुसऱ्या टोकाला तेवढाच सुटतो. ठिबक थांबते आणि भिंतीतल्या, न दिसणाऱ्या सांध्यावर सुरू होते. अशा वेळी लाइन बंद करून थांबावे हे उत्तम.

नळच तुटून हातात आला तर प्रसंग बाका वाटतो, पण उपाय सर्वांत स्वस्त आहे: अर्धा इंची प्लॅस्टिकचा डमी, म्हणजे आट्यांचे बूच, बांधकामावर लाइन टेस्टिंगसाठी वापरतात तो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे आवळण्याच्या दिशेनेच द्या. उलटे दिले तर बसवताना सुटून येतात. २ किलोच्या दाबालाही अर्ध्या इंचाच्या तोंडावर फक्त साडेतीन किलोचा जोर असतो. मोठ्या माणसाला तो सहज पेलतो. फवारा डोळ्यांत येऊ नये म्हणून एकाने टॉवेल आडवा धरावा, दुसऱ्याने डमी सरळ रेषेत टेकवून आटे पकडेपर्यंत हातानेच फिरवावा. शेवटचा एखादा फेरा पान्याने, त्याहून जास्त नाही. भिंतीतल्या एल्बोच्या आत पितळी आटे असले तरी भोवतीचे शरीर बहुधा प्लॅस्टिकचे असते आणि जादा टेफ्लॉन, जादा जोर यांनी एल्बो उभा तडकतो. नळाचा तुकडा आत अडकून राहिला असेल तर डमी बसणार नाही. कापड गुंडाळलेली निमुळती लाकडी खुंटी दाबून धरा आणि कुणाला तरी गच्चीवर पिटाळा.

काय करू नये तेही सांगायला हवे, कारण त्याची भरपाई करण्यात आमचा अर्धा वेळ जातो. टेफ्लॉन टेप चिकटत नाही. ती आट्यांमधली फट भरण्यासाठी असते; फुटलेल्या पाइपवर बाहेरून अख्खे रीळ गुंडाळले तरी पाणी त्याखालून येते. एम-सीलचे दोन्ही भाग सम प्रमाणात, रंग एकजीव होईपर्यंत मळावे लागतात, आणि पृष्ठभाग कोरडा, पॉलिश कागदाने घासलेला लागतो. वाहत्या पाण्यावर थापलेला गोळा दाब आला की निघून येतो, आणि नंतर अर्धवट चिकटलेला भाग तासत बसावे लागते. सीपीव्हीसीचे सोल्युशन तर बाहेरून लावण्याची चीजच नाही. ते पाइप आणि फिटिंगचे पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत जोडते. सांध्याच्या कडेवर ओतून काहीही साधत नाही. सीपीव्हीसीची चीर बहुधा लांबट असते आणि वाढत जाते. तिला पट्टी बांधलीच तर लाइन बारीक चालू ठेवा आणि रात्री बंद.

भिंतीत ओल दिसत असेल तर टाइल फोडण्याआधी एक निरीक्षण करून ठेवा. ओल दिवस-रात्र सारखीच वाढत असेल तर दाबाची लाइन गळते आहे. आंघोळीनंतर वाढून दुपारी ओसरत असेल तर पाइप निर्दोष असून नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली सांडपाण्याची मोरी) किंवा फरशीचे सांधे झिरपत आहेत. दोन्हींचे कारागीर आणि खर्च वेगळे.

प्लंबरला फोन करताना ‘पाइप फुटलाय’ एवढेच सांगितले तर तो येतो, बघतो आणि सामान आणायला परत जातो. पाइपचा रंग सांगा: चंदेरी-करडा जीआय, फिकट पिवळसर सीपीव्हीसी, पांढराशुभ्र यूपीव्हीसी, हिरवा बहुधा पीपीआर. पाइपला दोरा गुंडाळून घेर मोजा. सीपीव्हीसीत ५ सेंटिमीटर म्हणजे अर्धा इंच, ७ म्हणजे पाऊण. जीआयमध्ये अर्ध्या इंचाचाच घेर पावणेसातच्या आसपास येतो, म्हणून घेर आणि रंग दोन्ही हवेत. पीपीआरला सोल्युशन चालत नाही, तापवून जोडण्याचे यंत्र लागते, आणि ते प्रत्येकाकडे नसते. प्लंबर येईपर्यंत लाइन पूर्ण रिकामी करून ठेवा. खालचा नळ उघडा, वरचाही उघडा म्हणजे हवा शिरेल आणि पाणी अडकून राहणार नाही. सोल्युशन असो वा गरम जोड, पाण्याची धार चालू असताना सांधा धरत नाही. दुरुस्तीनंतर सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग एक नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू सोडा; नळाची जाळी आधी काढली तर गंज आणि टेफ्लॉनचे तुकडे तिच्यात अडकणार नाहीत.

सोसायट्यांच्या कमिट्यांना आमची विनंती आहे की गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने लाइन लिहावी: ‘बी विंग, ३ नंबरचे फ्लॅट, किचन’ इतके स्पष्ट. दर तीन महिन्यांनी सगळे व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून उघडावेत, आणि गोल चाकाचे असतील ते उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावेत म्हणजे चाक टोकाला जाम होत नाही. न मिटणारे व्हॉल्व्ह टाकी धुण्याच्या दिवशीच बदलावेत. टाकी तेव्हा रिकामीच असते आणि वेगळा पाणीबंद लागत नाही. गच्चीची एक किल्ली वॉचमनच्या खोलीत खिळ्याला असू द्या. सेक्रेटरींच्या कपाटातली किल्ली सेक्रेटरी बाहेरगावी असताना निरुपयोगी.

महापालिकेच्या मीटरच्या अलीकडची, रस्त्याच्या बाजूची गळती मात्र स्वतः हाताळू नये आणि लांबवूही नये. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळच येते. पुरवठा थांबला की पाइपमधला दाब नाहीसा होतो आणि त्याच फटीतून आसपासचे गटाराचे पाणी आत ओढले जाते, म्हणजे पाणी वाया जाण्यापुरता तो प्रश्न राहत नाही. मुंबईत १९१६ वर, इतरत्र प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे ते जमिनीखालच्या टाकीत न घेता अंगण किंवा जिना धुवायला वापरावे. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

आपले,
नळकाम व इमारत देखभालीत काम करणारे काही वाचक, ठाणे