सेकंड शिफ्टवाल्याने तासाला कधी बसायचे?

संपादक महोदय,

डिप्लोमा करून कारखान्यात लागलेल्यांना नोकरी न सोडता इंजिनिअरिंगची पदवी घेता यावी, म्हणून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्रीय परिषद) २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली. किमान एक वर्षाचा अनुभव हवा, कामाचे ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात हवे. प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला. योजना चांगली आहे. घोडे अडते ते टाइमटेबलपाशी.

संध्याकाळी सहा ते नऊ तास ठेवले की सोय झाली, असे कॉलेजांना वाटते. पण चाकण-रांजणगावात पाळी दर आठवड्याला फिरते. तीन पाळ्यांच्या कारखान्यात पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमधले पाच आठवडे सेकंड शिफ्टचे, म्हणजे दुपार ते रात्रीच्या पाळीचे. म्हणजे संध्याकाळच्या तासांना एकही दांडी न मारता हजेरी ६७ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि नियम ७५ टक्क्यांचा! त्यात प्रॅक्टिकल रविवारी. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे टाइमटेबल करणाऱ्यांनी लक्षातच घेतलेले नसते. संध्याकाळचाच तास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यावा, प्रॅक्टिकलची एक बॅच गुरुवारी ठेवावी. शिक्षकांचा भार वाढेल, त्याचे मानधन द्यावे. पण हे केल्याशिवाय ही मुले टिकणार नाहीत.

दुसरी गळती गणितात होते. थेट दुसऱ्या वर्षाला आल्याने पहिल्या वर्षाचे गणित झालेले नसते आणि तिसऱ्या सेमिस्टरला इंटिग्रेशनवर उभा असलेला लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर येतो. इंटिग्रेशन सोडून पाच-सात वर्षे झालेल्याला तो झेपत नाही. सुरुवातीचे तीन आठवडे फक्त उजळणीला द्यावेत.

प्रवेश घेणाऱ्यांनीही पैसे भरण्याआधी चौकशी करावी. ‘घरबसल्या बी.टेक.’च्या जाहिरातींना भुलू नये. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. एएमआयईचा (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षा बाहेरून देण्याचा) जुना मार्गही पदवीच्या बरोबरीचा धरला जातो तो ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांसाठीच.

परदेशात व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करायची असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासून मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) टियर-१ या गटातील मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. ‘आमच्या कॉलेजला एनबीए आहे’ या उत्तरावर थांबू नये. मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, तीही मुदतीची. आपली शाखा, आपले उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि नोकरदारांची तुकडी त्या मान्यतेत येते का, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घ्यावे. ते देण्यास कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर तिथे फी भरू नये.

– अभियांत्रिकीचे काही प्राध्यापक, पुणे