टायर चढवायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

भांडुपच्या तुमच्या टपरीवर आले, तेव्हा सायकलचा नवा टायर रिमवर चढत नाही म्हणून परत करायच्या विचारात होते. "साइजच चुकलाय, दुसरा घ्या," असं दुसऱ्या एका दुकानात सांगितलं होतं. तुम्हीही दुसरा विकू शकला असतात. पण तुम्ही टायरची बाजू फडक्याने पुसलीत आणि बारीक आकडा दाखवलात: 37-590, म्हणजे टायरची रुंदी आणि रिमवर बसण्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. "सव्वीस" इंचाचे टायरही वेगवेगळे असतात, लेडीज सायकलला 590 आणि जाड टायरच्या रेंजरला 559, एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही, हे तेव्हा कळलं. माझा आकडा बरोबर होता. टायर नवा म्हणून कडक होता, एवढंच.

मग तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी हे पत्र. टायरच्या काठात पोलादी तार असते, ती कितीही जोर लावला तरी ताणत नाही. सैलपणा मिळतो तो रिमच्या मधल्या खाचेतून. ट्यूबमध्ये जेमतेम गोल होण्यापुरती हवा, काठाला साबणाचं पाणी, सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, कारण व्हॉल्व्हच्या बुडामुळे तिथे काठ खाचेत उतरत नाही. शेवटची वीतभर जागा अडली, तरी तुम्ही लिव्हरला, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीला, हात लावला नाहीत. दोन्ही तळव्यांनी काठ खाचेत चेपत, खालून वर सैलपणा ओढत आणलात आणि अंगठ्यांनी टायर आत ढकललात. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडलात, ट्यूब काठाखाली चिमटू नये म्हणून.

आणि मग तो बसलेला टायर पुन्हा उतरवलात. म्हणालात, "आता तू चढव." संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईकं उभी, तरी माझे हात नीट पडेपर्यंत तुम्ही थांबलात. एवढा वेळ कोण देतं काका?

परवा भावाच्या एक्सएल मोपेडचा पुढचा टायर मी घरीच बदलला, 2.50-16 साइजचा. मोपेडचा काठ सायकलपेक्षा फारच जाड. तिथे लिव्हर लागल्याच, पण समोरची बाजू गुडघ्याखाली खाचेत दाबून धरली आणि थोडा थोडा घास घेत गेले. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, तेही तुम्ही सांगितल्याप्रमाणे चाक फिरवून पाहिलं. भाऊ भल्या पहाटे त्याच गाडीवर भाजी आणायला गेला आणि माझे डबे वेळेवर निघाले.

आमच्या धंद्यात चाक थांबलं की जेवण थांबतं. तुम्ही ते चाक माझ्या हातात दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

मागचं चाक गणपतीआधी काढायचं आहे. त्यात साखळी आणि ब्रेक आले, ते मला अजून जमत नाही. दुपारी गर्दी नसते तेव्हा येते. येताना डबा आणते, काकूंना तेवढं सांगून ठेवा.

आपली,
पोळीभाजीचे डबे पोचवणारी