आरओचा नवा मेम्ब्रेन नऊ दिवसांत चोंदला : चुकीच्या जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक देखभालीत बसवलेला मेम्ब्रेन नऊ दिवसांत चोंदणे, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर उघडा ठेवणे आणि वॉरंटी नाकारणे.

महोदय,

३ तारखेला तुमच्या सेवा केंद्राच्या टेक्निशियनने वाघोली, पुणे येथील आमच्या आरओ-यूव्ही यंत्रात बाहेरच्या प्री-फिल्टरची स्पन कँडल, सेडिमेंट फिल्टर, कार्बन फिल्टर आणि ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन क्षमतेचा) मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बदलला. १२ तारखेपर्यंत शुद्ध पाण्याची धार निम्म्याहून खाली आली. तक्रार नोंदवल्यावर फोनवर उत्तर मिळाले, "बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे मेम्ब्रेन गेला, हे वॉरंटीत बसत नाही." यंत्र उघडून न पाहता केलेले हे निदान आम्हाला मान्य नाही. त्याची कारणे मोजमापांसह देत आहोत.

७५ जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, तासाला पावणेबारा. बदलल्याच्या दिवशी मेम्ब्रेनच्या नळीतून एक लिटर पाणी ५ मिनिटे २० सेकंदांत भरत होते, म्हणजे मेम्ब्रेन ठीक होता. १२ तारखेला त्याच एका लिटरला १४ मिनिटे लागली. वाया जाणारे पाणीही मिनिटाला ४४० मिलिलिटरवरून ३०० वर आले. दोन्ही धारा एकदम कमी झाल्या, ही बाब महत्त्वाची आहे. फ्लो रिस्ट्रिक्टर (वाया जाणाऱ्या पाण्याची धार आवळणारा भाग) क्षाराने बुजला असता तर फक्त वाया जाणारे पाणी घटले असते आणि आतला दाब वाढून शुद्ध पाणी उलट वाढले असते. पंपाच्या आधीची नळी सोडून पाहिली तर मिनिटाला दोन लिटर पाणी येते, म्हणजे अलीकडचे फिल्टर मोकळे आहेत. पंपाची शंका नको म्हणून जुना मेम्ब्रेन परत घालून पाहिला; तो काढताना देत होता तेवढेच पाणी आजही देतो. अडथळा नव्या मेम्ब्रेनच्या तोंडाशी आहे, एवढे यावरून ठरते.

मेम्ब्रेनच्या हाउसिंगचे (कवचाचे) झाकण उघडल्यावर ते डोळ्यांनीही दिसते. झाकणाकडच्या, म्हणजे पाणी आत शिरते त्या टोकाला काळा गाळ बसला आहे. बोट लावले की काजळीसारखा लागतो. व्हिनेगरचे थेंब टाकले तर फसफसत नाही. पाण्यातला चुना साचायचा तर तो पांढरट असतो, व्हिनेगरने फसफसतो आणि मुख्यतः दुसऱ्या टोकाला साचतो, कारण तिकडे जाईपर्यंत पाण्यातले क्षार दाट होत जातात. शिवाय त्याला महिने लागतात. आमच्या पाण्याचा टीडीएस ८२० आणि कठीणपणा ३४० आहे. तुमच्याच माहितीपुस्तिकेत हे यंत्र २००० टीडीएसपर्यंत चालते असे छापले आहे.

हा गाळ नव्या कार्बन फिल्टरमधली पूड आहे. कार्बन बदलला की त्याच्या पुढची नळी बादलीत सोडून दहा-पंधरा लिटर पाणी, ते काळे येणे थांबेपर्यंत, जाऊ द्यायचे आणि मगच ती नळी पंपाला जोडायची. नाहीतर सगळी पूड पंपाच्या दाबाने मेम्ब्रेनच्या जाळीत जाऊन बसते आणि ती धुऊन निघत नाही. त्यानंतर नव्या मेम्ब्रेनचे पहिल्या अर्ध्या तासाचे पाणी, शक्यतो पहिली भरलेली टाकी, फेकून द्यायची असते, कारण तो टिकवण्यासाठी त्यात रसायन घातलेले असते. ही दोन्ही कामे केली तर एकट्या त्यांनाच पाऊण तास लागतो. तुमच्या सर्व्हिस रिपोर्टवर येण्याची वेळ ११.१० आणि जाण्याची ११.३० आहे. वीस मिनिटांत चार भाग बदलून हे धुणे होऊच शकत नाही.

दुसरी बाब आम्हाला अधिक गंभीर वाटते. टाकीतल्या पाण्याचा टीडीएस ३१० येत होता. टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद केल्यावर तो ६० झाला. म्हणजे मेम्ब्रेन क्षार नीट अडवतो आहे, पण कंट्रोलर उघडा ठेवल्यामुळे ८२० चे पाणी त्याला वळसा घालून टाकीत मिसळत होते. हिशेब केला तर प्रमाण एक तृतीयांश निघते : पिण्याच्या तीन पेल्यांतला एक पेला पाणी मेम्ब्रेनमधून गेलेलेच नव्हते. यूव्ही दिव्याने त्यातले जंतू मरतील, पण नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर ते तसेच राहील. टेक्निशियनचे म्हणणे, "पाण्याला गोडी येते." टँकर आणि बोअरच्या पाण्यात आज काय आहे नि उद्या काय येईल ते ठाऊक नसताना चवीसाठी कंट्रोलर उघडायचा नसतो. (खडकवासल्याच्या गोड पाण्याला तर आरओच लागत नाही.)

तिसरे, दाब. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत आणि इमारतीची टाकी अकराव्या मजल्याच्या वर आहे. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाब, त्यामुळे गेजवर २.९ किलो दिसतो. तुमच्या पुस्तिकेत कमाल २ किलो लिहिले आहे. तरीही यंत्र बसवताना पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) घातला नाही आणि या खेपेलाही कोणी दाब मोजला नाही. बाहेरच्या प्री-फिल्टरच्या बाऊलला आट्यांपाशी बारीक तडा गेला असून थेंब थेंब गळते. रात्री हा बाऊल फुटला तर स्वयंपाकघरात पाणी भरेल, म्हणून सध्या आम्ही झोपताना बॉल व्हॉल्व्ह बंद करतो.

आमची मागणी अशी की मेम्ब्रेन आणि बाऊल विनामूल्य बदलून मिळावेत. कार्बन आमच्यासमोर धुतला जावा, कंट्रोलर बंद करून त्यावर खूण करावी आणि काम संपल्यावर आत येणाऱ्या पाण्याचा व शुद्ध पाण्याचा टीडीएस आणि दोन्ही धारांचे मिनिटाचे माप रिपोर्टवर लिहून द्यावे. पीआरव्ही बॉल व्हॉल्व्हनंतर, प्री-फिल्टरच्या आधी बसवावा; त्याची किंमत करारात नाही, ती आम्ही देऊ. एका टेक्निशियनला समज देऊन विषय संपवू नये. त्याच्या पिशवीत दाबाचा गेज नव्हता आणि रिपोर्टच्या छापील फॉर्मवर धारेच्या मापासाठी रकानाच नाही. ही उणीव कंपनीची आहे.

काढलेला नवा मेम्ब्रेन ओल्या अवस्थेत पिशवीत बंद करून ठेवला आहे. तुमच्या माणसाने तो पाहून लेखी अहवाल द्यावा. सात दिवसांत काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करू.

आपले ग्राहक

सोबत : पावती व सर्व्हिस रिपोर्टची प्रत, मेम्ब्रेनच्या दोन्ही टोकांची छायाचित्रे, टीडीएस मीटर व गेजची छायाचित्रे.