मराठी वाचणारी माणसं किती ठेवलीत, हे सोशल मीडिया कंपन्यांना विचारा

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दाखले, सात-बारा, पीक विमा ही रोजची कामं. अलीकडे आणखी एक काम येतं, त्याचे पैसे मी घेत नाही. लोक फोन पुढं करतात आणि म्हणतात, हे आमच्याबद्दल लिहिलंय ते काढून द्या.

मध्यंतरी एक ग्रामपंचायत सदस्य बाई आल्या. ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशेब मागितला म्हणून कुणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला होता. खाली शिव्यांचा पाऊस. शिव्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांची झोप उडाली होती ती एका साध्या ओळीनं: ‘ताई, पोरगी कितीच्या एसटीनं जाते ते ठाऊक आहे आम्हाला.’ मी रिपोर्ट केलं. चहा येईपर्यंत उत्तर हजर: यात आमच्या नियमांचा भंग होत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी शिव्याही जागच्या जागी राहिल्या. ती ओळ धमकीची आहे, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून माझी खात्री आहे की ती मराठी येणाऱ्या कुणी वाचलीच नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 फेसबुक-व्हॉट्सॲपसारख्या कंपन्यांना संरक्षण देतं. दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही, पण त्यांनी योग्य खबरदारी घेतली असेल तरच. या संरक्षणाचा फेरविचार व्हायला हवा, असं नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय पत्रकार दिनी आपणच म्हणाला होतात. जी भाषा वाचायला माणूस ठेवलेला नाही, त्या भाषेत कोट्यवधी लोकांना लिहू देणं ही कुठली खबरदारी?

कंपन्या म्हणतात, आम्ही नुसती भिंत दिली, पोस्टर लोक लावतात. भिंत कधी कुठलं पोस्टर पुढं आणून दाखवत नाही. हे दाखवतात. फेसबुकच्या गणितात 2017 पासून काही काळ रागाच्या इमोजीसह सगळ्या प्रतिक्रियांना लाईकच्या पाचपट वजन होतं, हे कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून 2021 मध्ये बाहेर आलं. म्हणजे लोक जितके चिडतील तितकी पोस्ट वर.

आणि मनात आणलं की त्यांना जमतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारलं, हे वाचल्यावर मला कितीतरी दिवस आमच्या ग्रामपंचायतीची पायरी चढवेना. आपल्या मंत्रालयानं तेव्हा कंपनीला खडसावलं आणि त्याच महिन्यात भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा आली. त्यासाठी कुणाचा मेसेज उघडून वाचावा लागला नाही. ‘आमच्या हातात काही नाही’ हे पालुपद त्या महिन्यातच खोटं ठरलं. फक्त त्याला पाच जीव जावे लागले.

एरवी मात्र भुर्दंड आम्हालाच. जून 2023 मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल पेटली, तेव्हा जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं गेलं. शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस, जातीच्या आणि नॉन-क्रिमीलेयर दाखल्यांसाठी दारात रांग, आणि माझा कॉम्प्युटर नुसताच डोळे मिचकावतोय. स्टेटस टाकणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले, ते ठीकच. जिच्या ॲपवरून ते स्टेटस गावभर झालं, त्या कंपनीला कुणी साधी विचारणा केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

गैरसमज नको. सरकारनं ठरवावं कोणी काय लिहायचं, असं मी मागत नाहीये. 2012 मध्ये बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यात लावलेलं याच कायद्याचं 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं ते बरं झालं. तसलं काही मागच्या दारानं आलं, तर पहिली नोटीस हिशेब मागणाऱ्या त्या बाईंनाच येईल.

माझं मागणं लहान आहे. या कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्या दर महिन्याला अहवाल काढतात. किती तक्रारी आल्या, काय केलं, एवढंच त्यात असतं. भाषेचा रकाना नाही. युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांना संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी प्रत्येकीसाठी मजकूर तपासणारी माणसं किती, हे जाहीर करावं लागतं. नियम मोडले तर जगभरच्या उलाढालीच्या 6 टक्क्यांपर्यंत दंड. माल्टाची लोकसंख्या जेमतेम पाच-सहा लाख. त्यांच्या माल्टीजचा हिशेब द्यावा लागतो. 2011 च्या जनगणनेत 8.3 कोटी लोकांनी मातृभाषा सांगितलेल्या मराठीचा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात दर्जा दिल्याचं पत्रकारांना आपणच सांगितलंत, म्हणून हे आपल्याशीच बोलतोय.

तर त्या मासिक अहवालात भाषावार रकाने घाला: मराठीत तक्रारी किती, त्यातल्या माणसानं वाचल्या किती, यंत्रानं परस्पर निकालात काढल्या किती, आणि मराठी येणारे तपासनीस किती. खानदेशातली अहिराणी, कोकणातली मालवणी कळणारं कुणी आहे का, तेही विचारा. तक्रार फेटाळली तर कारण तक्रारदाराच्या भाषेत द्यायला लावा. अपील समित्या आपण नेमल्यात खऱ्या, पण तीस दिवसांत अपील करायचं तर आधी आपली तक्रार का फेटाळली ते कळायला हवं ना!

याला संसदेत विधेयक आणावं लागणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 87 खालचे हे नियम राजपत्रातल्या अधिसूचनेनं बदलतात, आणि ते आपल्या मंत्रालयानं याआधीही बदललेत. पुढच्या दुरुस्तीच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवाल, तेव्हा हेच पत्र माझी सूचना म्हणून पुन्हा पाठवीन.

आपला नम्र,
एक सेवा केंद्रचालक, जि. कोल्हापूर